न दुखणारा पाय

ज्यांच्या रक्तात साखर निघाली आहे आणि ज्यांनी तब्येत सुधारायची म्हणून नुकतेच धावायचे बूट घेतले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. उपदेश करायचा अधिकार मला नाही. मी कुठे चुकलो ते मला पक्कं माहीत आहे, तेवढंच सांगतो. उजव्या पायाची दोन बोटं गेली. पाय राहिला. राहिला म्हणजे आजपर्यंत.

साखर निघाली तो दिवस

मी धुळ्यात एका कॉलेजच्या ऑफिसात वरिष्ठ लिपिक आहे. गाव पाचोऱ्याकडचं, गिरणा नदीच्या काठचं. आमच्या सगळ्या भाऊबंदात पहिला पदवीधर मी. बी.कॉम., तेही पहिल्या वर्गात. नवा माणूस भेटला की पाचव्या मिनिटाला मी हे त्याला सांगतो, असं माझी बायको मंगला म्हणते. सांगतो, खोटं कशाला बोलू? आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सही करायला मी शिकवली आहे. ज्या घरात कागद आला की दुसऱ्याच्या ओट्यावर वाचायला न्यायचे, त्या घरात आता गावभरचे लोक कागद घेऊन येतात. याचा अभिमान मला आहे आणि तो राहणार.

कॉलेजात कर्मचाऱ्यांची आरोग्य तपासणी झाली. दोन दिवसांनी मला वेगळं बोलावलं. आकडा इथे देत नाही, कारण आकडा दिला की वाचणारा आपल्याशी ताडून बघतो आणि निर्धास्त तरी होतो नाहीतर घाबरतो. डॉक्टर म्हणाले, ही साखर आजकालची नाही, काही वर्षं असणार. मी म्हटलं, मला तर काहीच होत नाही. ते म्हणाले, तशीच असते.

मग त्यांनी डोळे तपासायला चिठ्ठी दिली आणि माझे मोजे काढायला लावून पायांची एक छोटी तपासणी केली. फाइलवर लिहिलं, पाय ठीक. त्या तपासणीबद्दल मला पुढे एक गोष्ट कबूल करायची आहे.

गोळ्या, जेवणाचं पथ्य आणि रोज पाऊण तास चालणं, एवढं सांगितलं होतं. रोज पायांचे तळवे बघत जा, हेही सांगितलं होतं. गोळ्या मी नेमाने घेतल्या. पथ्य बऱ्यापैकी पाळलं. तळवे कधीच बघितले नाहीत. आणि चालणं मला कमीपणाचं वाटलं. चालतात ती रिटायर झालेली माणसं, मफलर गुंडाळून, एकमेकांची दुखणी सांगत. मी पंचेचाळिशीचा. मी ठरवलं, धावायचं.

धावणं

आमच्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक बोरसे सर सकाळी पांझरा नदीच्या काठच्या रस्त्यावर आठ-दहा जणांना पळवतात. मी त्यांना साखर निघाल्याचं सांगितलं नाही, पोट कमी करायचं आहे एवढंच म्हटलं. ते म्हणाले, एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, महिनाभर याच्या पुढे जायचं नाही.

पहिल्या दिवशी मी तिसऱ्या विजेच्या खांबापर्यंत गेलो. कुशीत कळ, तोंडाला कोरड, आणि पोट माझ्या मागून अर्ध्या सेकंदाने उडत होतं. एक कुत्रं थोडं सोबत पळालं, मग कंटाळून बसलं. घरी येऊन मी जिना बसून बसून चढलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो. नोकरीत चिकाटीशिवाय माझ्याकडे काही नव्हतं, इथेही तीच कामाला आली.

नव्याने धावणाऱ्यांना जे आहे ते सांगतो: तीन आठवड्यांनी एक सकाळ अशी येते की श्वास आपोआप लागतो. ती माझीही आली. उन्हाळा तोंडावर होता, सातलाच रस्ता तापायला लागायचा, पण मी न थांबता पुलापर्यंत गेलो आणि पुलाखाली उभा राहून एकटाच हसलो. शाळेत मी कधी मैदानावर नव्हतो. शाळा सुटली की शेतात.

आमच्या गटात सगळ्यांचं काही ना काही दुखायचं. कुणाची नडगी, कुणाची टाच, कुणाचा गुडघा. मोबाइलवरच्या गटात सकाळी सातपासून रडगाणी सुरू. माझं काहीच दुखत नव्हतं. एकदा मी सगळ्यांसमोर म्हटलंसुद्धा, तुम्ही फरशीवर वाढलात, आमचे पाय ढेकळांत तयार झालेत. बोरसे सर हसून म्हणाले, "सोनवणे, पाय आहेत का नांगर?" ते वाक्य मी घरी येऊन मंगलाला दोनदा सांगितलं.

बूट मी बाजारातल्या मुश्ताकभाईंकडून घेतले. त्यांचे वडील चपला शिवायचे, ते आता तयार बूट विकतात, पण हात अजून कारागिराचा. मी बूट घातल्यावर त्यांनी खाली बसून अंगठ्याने पुढचा भाग दाबला. "साहेब, बोटं दबतायत. एक नंबर मोठा घ्या." मी मोठा घालून बघितला तर बुटात पाय आहे की नाही तेच कळेना, सैल, डुगडुगल्यासारखा. लहान घातला की जरा धरल्यासारखं वाटायचं. मी लहानच घेतला. ते परत म्हणाले, मर्जी तुमची, पण पाय धावताना फुगतो. मी म्हटलं, पाय माझा आहे, मला कळत नाही का?

कळत नव्हतं. मोठ्या बुटात पाय सापडत नव्हता, याचं कारण बूट नव्हता. हे मला नंतर समजलं.

पावसाळ्यापर्यंत साखर उतरली, वजन उतरलं, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. पाच किलोमीटर न थांबता व्हायला लागले. मंगला शेजारणींना सांगायची, आमचे हे आता पळतात. ती खूश होती. तो आनंद खोटा नव्हता, एवढं मला नोंदवून ठेवायचं आहे.

मोजा

आषाढात एका रविवारी मंगला कपडे भिजवत होती. माझा उजवा मोजा पुढून कडक झाला होता. तिने तो बाहेर आणून मला दाखवला आणि विचारलं, हे काय? मी म्हटलं, लाल माती लागली असेल.

"अहो, धुळ्यात लाल माती कुठून आणली तुम्ही?"

बरोबर होतं तिचं. आमच्याकडे सगळी काळी. मग मी सांगितलं, फोड आला होता, फुटला, धावणाऱ्यांना येतोच. ती म्हणाली, दाखवा. मी पाय दाखवला नाही. मी खुर्चीवर पाय लांब करून बसायचं आणि बायकोने खाली बसून तळवा न्याहाळायचा, हे मला म्हाताऱ्या माणसासारखं वाटलं. मी न्हाणीघरात जाऊन हळद-तेल लावलं, वर चिकटपट्टी मारली आणि मंगळवारी परत धावलो. करंगळीच्या शेजारच्या बोटाखाली बेलफळाच्या बी एवढा खड्डा होता. दुखत नव्हता. दुखत नाही म्हणजे भरतोय, असा माझा हिशेब.

कानबाई

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. खान्देशाबाहेरच्यांना सांगतो: नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसवतात, सोमवारी सकाळी नदीवर नेतात. त्यासाठी भाऊबंदातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतात. त्या गव्हाचा रोट होतो, पुरणाचा. तो घरच्यांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही, टाकायचा तर नाहीच, पौर्णिमेच्या आत संपवायचा. माझ्या नावाची मूठ दरवर्षी आबा मोजतात. मी कुठेही असलो तरी त्या धान्यात मी असतो.

आम्ही शनिवारी गावी गेलो. ओट्यावर चढताना आबांनी बघितलं. "पाय वढस का रे भाऊ?" मी म्हटलं, ओढत नाही, बसमध्ये आखडला.

माझ्या वाटचा रोट मी सगळा खाल्ला. दोन दिवस, दोन्ही वेळा. साखर आहे हे गावात कुणालाच सांगितलेलं नव्हतं, आबांनाही नाही. शिकलेल्या मुलाला शहरात जाऊन रोग लागला, असं चावडीवर कुणी म्हणू नये म्हणून. मनात म्हटलं, मंगळवारी दोन किलोमीटर जास्त धावू, जिरून जाईल.

सोमवारी नदीवर निघताना मंगलाने माझे बूट आणून दारात ठेवले. हळू आवाजात म्हणाली, पायाला लागलेलं आहे, घाला. सगळे भाऊबंद, त्यांच्या बायका, वाजंत्रीवाले अंगणात. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, कानबाईपुढे बूट घालून चालू? एवढं कळत नाही का तुला? तिने बूट उचलून आत नेले. गिरणेपर्यंत मी अनवाणी गेलो, चिखलातून, काट्याकुट्यातून, आणि परत आलो. तेव्हाही काही दुखलं नाही.

मंगळवारी पहाटे धुळ्यात मी धावायला गेलो. पुलाच्या अलीकडे अंगात हुडहुडी भरली, दात वाजायला लागले. बोरसे सरांनी मला स्कूटरवर घरी आणलं. त्यांनी माझा बूट काढला, मग मोजा, आणि खोलीत वास पसरला. सर दोन पावलं मागे सरकले. मंगलाने खिडकी उघडली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

दवाखाना

सर्जन बाई होत्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांनी एक बारीक लोखंडी काडी जखमेत घातली. मी बघत होतो. काडी आत गेली, आणखी आत गेली, आणि कशावर तरी टक्क लागली. दुखतंय का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं, आणि सवयीने थोडं ताठ मानेने म्हटलं.

"हाड लागलंय, सोनवणे," त्या म्हणाल्या. "तुम्ही ओरडायला हवं होतं."

दोन बोटं नक्की जातील. पू वर चढला असेल तर अर्धा पाय. त्याच्याही वर असेल तर गुडघ्याखाली. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांनी कळेल. हे सगळं त्यांनी मंगलाकडे बघून सांगितलं, कारण मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो.

मग त्यांनी माझी जुनी फाइल चाळली. चार-पाच महिन्यांपूर्वी तर पाय ठीक लिहिलंय, म्हणाल्या. एवढ्यात संवेदना इतकी जाणार नाही. ही तपासणी नीट झाली होती का?

झाली होती. डॉक्टरांची चूक नव्हती. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं होतं. नायलॉनच्या दोऱ्यासारखी एक काडी ते तळव्याला ठिकठिकाणी टेकवणार होते. टेकलेली कळली की हो म्हणायचं. पहिल्या दोन-तीन वेळा मला काहीच कळलं नाही, आणि ते थांबलेत हे मात्र कळलं. मी आयुष्यात एकाही परीक्षेत नापास झालेलो नाही. मी पापण्या किंचित उघडल्या. त्यांचा हात खाली गेला की मी हो म्हणायचो. सगळे हो बरोबर आले. बाहेर पडताना मला पेपर चांगला गेल्यासारखं वाटलं होतं.

हे मी सर्जनबाईंना सांगितलं. मंगला पलंगाच्या कडेला उभी होती. ती म्हणाली, "बारावीत मागचा मुलगा कॉपी देत होता तरी घेतली नाही, हे मला लग्नापासून ऐकवताय. आणि घेतली ती इथे."

सर्जनबाईंनी पेन काढलं. फाइलवर त्यांनी काहीतरी लिहिलं.

ऑपरेशननंतरचे तीन दिवस मी दहाची वाट बघायचो आणि दहा वाजू नयेत असंही वाटायचं. दहाला ड्रेसिंगची ट्रॉली यायची, तिचं एक चाक कुरकुरायचं, ते कॉरिडॉरच्या टोकापासून ऐकू यायचं. जेवणाआधी साखर बघायला हाताच्या बोटाला टोचायचे, ते मात्र चांगलं दुखायचं; मला त्याचा आनंद व्हायला लागला. शेजारच्या खाटेवर मूळचे सावद्याचे, केळीच्या मुलखातले एक काका होते, पित्ताच्या खड्यांचे. त्यांना भेटायला येणारा प्रत्येक माणूस केळीच आणायचा. काका वॉर्डभर वाटायचे आणि माझ्या खाटेशी आले की म्हणायचे, तुम्ही नुसता वास घ्या साहेब. मी हसायचो. दिवसातलं तेवढंच हसू.

मंगला डबा आणायची, औषधं आणायची, नर्सशी बोलायची. माझ्याशी कामापुरतं. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, फोड लपवला ते चुकलंच माझं. ती डब्याची झाकणं लावत होती. म्हणाली, फोडाचं मी सोडून दिलं. अंगणात सगळ्यांपुढे मला गप्प केलंत, तुमचा पाय वाचावा म्हणून बोलत होते मी. मी शेवटचं झाकण उचलून तिच्या हातात दिलं.

त्याच दुपारी आबा आले, एकटे, एसटीने. आता त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी कुशल विचारलं नाही. पलंगाच्या पायथ्याशी बसले आणि माझा बँडेज बांधलेला पाय दोन्ही हातांत घेतला. आमच्यात वडीलधारे लहानाच्या पायाला हात लावत नाहीत. मी पाय ओढून घ्यायला लागलो, म्हटलं, आबा, पाप लागेल मला.

"कसानं पाप? ल्हानपने तुना पाय मीच धोयेल शेतस." लहानपणी धुतलेला तो पाय मग बराच वेळ त्यांनी सोडला नाही. जाताना म्हणाले, "तुना वाटाना रोट मी खाई लेतू. सांगं काबर नई?"

माझ्या वाटचा रोट त्यांनी खाल्ला असता. एवढं सोपं होतं. मी फक्त सांगायचं होतं. आबा गेल्यावर मी उशी तोंडावर घेऊन रडलो. सावद्याचे काका भिंतीकडे तोंड करून पडले होते, झोपलेले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सर्जनबाई स्वतः ट्रॉलीबरोबर आल्या. सिस्टरने पट्टी ओली करून एकेक थर काढला. बाई वाकल्या, कडा दाबून बघितल्या, वास घेतला. मंगलाने पलंगाची दांडी धरली होती. बाई म्हणाल्या, वर चढलेलं नाही, पाय ठेवू या. त्यांनी ते इतक्या साध्या आवाजात म्हटलं की मला वाटलं त्या पट्टीबद्दलच बोलतायत.

पुढचे महिने

जखम भरायला चार महिने लागले. त्यातले पहिले दोन मी पाय जमिनीला टेकवला नाही. ऑफिसात सायटिका झाल्याचं कळवलं, बोरसे सरांनाही तेच सांगायची गळ घातली. सायटिका सभ्य वाटतो. मंगलाने मला संडासापर्यंत नेलं-आणलं, आणि हळूहळू कामापुरतं बोलणं थोडं लांबलं. एकदा माझी कुबडी बादलीला लागून पाणी सांडलं तेव्हा ती म्हणाली, पहिल्या वर्गाचे पदवीधर, जरा बघून चाला. टोमणा आला म्हणजे पाऊस उघडला, असं मी समजलो.

मुश्ताकभाई घरी आले ते कुणाकडून तरी ऐकून. कागदावर माझे दोन्ही पाय ठेवून त्यांनी पेन्सिलीने आकार काढले, आणि मऊ तळाच्या, बोटांना मोकळ्या अशा चपला स्वतःच्या हाताने शिवून दिल्या. पुष्कळ वर्षांनी आरी हातात घेतली म्हणाले. घालून बघताना मी सांगायला गेलो की ठीक बसतायत. त्यांनी हात वर केला.

"तुम्ही बोलू नका साहेब. माझा अंगठा सांगेल."

त्यांनी सगळीकडून दाबून बघितलं, एक पट्टा उसवला, परत शिवला.

आता धावायची मनाई आहे, कायमची. घरात जागच्या जागी चालवायची सायकल घेतली आहे. साखर धावत होतो तेव्हासारखी उतरत नाही. बोरसे सरांचा गट सकाळी आमच्या कोपऱ्यावरून जातो, आणि खरं सांगतो, मी तेव्हा खिडकीशी जात नाही. धावण्याला दोष देऊ नका. धावणं चांगलंच होतं. ज्यांना साखर आहे त्यांनी आधी पाय तपासून घ्या, आणि तपासताना डोळे खरोखर मिटा. बूट संध्याकाळी घ्या, विकणाऱ्याचा अंगठा मोलाचा माना. घरातल्या माणसाला तळवे दाखवा. लाज वाटेल. दोन दिवस वाटते.

मी रोज सकाळी चहाच्या आधी गॅलरीतल्या उजेडात खुर्चीवर बसतो आणि मंगला खाली पाटावर बसून दोन्ही पाय बघते, बोटांच्या मधून, टाचेपर्यंत. आज तिचा हात डाव्या टाचेवर थांबला. तिथे नखाएवढा लाल डाग होता. काल नव्हता. हा दुसरा पाय, चांगला पाय. तिने चष्मा पुसून परत बघितलं. चहा तसाच राहिला. तिने रिक्षा बोलावली, मी ऑफिसला फोन लावला.

प्राचार्य मॅडमनी फोन घेतला. त्या म्हणाल्या, सायटिका परत का? मी म्हटलं, सायटिका कधीच नव्हता मॅडम. मला साखर आहे, पायांना स्पर्श कळत नाही, मागे दोन बोटं काढली आहेत आणि आज दुसऱ्या पायावर डाग दिसलाय, दवाखान्यात निघालो आहे.

त्यांनी काळजीने विचारलं, "खूप दुखतंय का सोनवणे?"

"नाही मॅडम," मी म्हटलं. "म्हणूनच लगेच निघालोय."